माकड मेले, खबर कोणाला?

(काजूच्या हंगामाआधी गावोगावच्या रात्रीच्या वर्गांत आम्ही जे भाषण करतो, ते येथे छापले आहे.)

आज एका तापाबद्दल बोलायचे आहे. पण ताप कसा येतो, त्यावर उपाय काय, एवढेच सांगून आम्ही उठणार नाही. ते डॉक्टर सांगतात, आणि आमच्यापेक्षा चांगले सांगतात. आम्हांला बोलायचे आहे ते खबरीबद्दल. रानात काही घडले, तर ते आधी कोणाला दिसते? ज्याला दिसते तो कोणाला सांगतो? आणि ज्याला कळायला हवे, त्याच्या कानावर ते कधी जाते?

तापाचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. माकडताप. आपल्या दोडामार्गात, सावंतवाडीकडे बांद्याच्या बाजूला, पलीकडे गोव्यात सत्तरीला तो येऊन गेला आहे. पण तो मूळचा आपल्याकडचा नव्हे.

१९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलाजवळ हा ताप प्रथम ध्यानात आला. गावात माणसे तापाने पडत होती. त्याच वेळी रानात वानरे आणि माकडे मरून पडत होती. डॉक्टरांना वाटले, हा विषमज्वर असावा. गावकऱ्यांनी मात्र दोन्ही गोष्टींची सांगड आधीच घातली होती. त्यांनी तापाला नावही देऊन टाकले होते. कानडीत ते म्हणत, 'मंगन कायिले'. म्हणजे माकडाचा आजार.

पुण्याला तेव्हा विषाणूंचा अभ्यास करणारे एक केंद्र होते. ते १९५२ साली निघाले. आज त्यालाच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. माकडे मरताहेत, हे ऐकल्यावर तिथल्या शास्त्रज्ञांच्या पोटात गोळाच आला. का? तर अमेरिका खंडात पीतज्वर नावाचा मोठा वाईट रोग आहे. त्याची साथ रानात आली की तिथेही आधी माकडे मरतात. हा रोग आपल्या देशात कधी आलेला नाही. तोच आला की काय? शास्त्रज्ञ तडक शिमोग्याला गेले. त्यांनी आजारी माणसांचे रक्त घेतले, मेलेल्या माकडांचे नमुने घेतले आणि तपासले. पीतज्वर नव्हता. पण ओळखीचा दुसरा कोणता रोगही नव्हता. विषाणू नवाच निघाला. त्याला त्या जंगलाचेच नाव मिळाले.

या गोष्टीत आम्हांला एक फार महत्त्वाचे वाटते. रोगाचा पत्ता आधी गावाला लागला होता. प्रयोगशाळेला तो नंतर लागला. आणि प्रयोगशाळेपर्यंत गावाचे म्हणणे पोहोचले, म्हणून विषाणू सापडला. नाहीतर विषमज्वर म्हणून किती वर्षे गेली असती कोण जाणे!

पुढे पुष्कळ वर्षे हा ताप कर्नाटकातच राहिला. मग तो सह्याद्रीच्या कडेकडेने दोन्हीकडे सरकला. २०१३ साली तो केरळात वायनाडला दिसला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात पाली गावात दिसला. २०१६ साली आपल्याकडे दोडामार्गात आला. डोंगर एकच आहे. त्यावर राज्यांच्या रेघा आपण ओढल्या आहेत.

आता हा ताप पसरतो कसा, ते नीट समजून घ्या. कारण खबरीचे महत्त्व त्यातच आहे.

रानात गोचीड असतो. गुरांच्या कानात दिसतो तो टपोरा गोचीड नव्हे. त्याचे पिल्लू, खसखशीच्या दाण्याएवढे. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत पातेऱ्यात ही पिल्ले फार असतात. रोगाचा विषाणू या गोचिडात राहतो. गोचीड माकडाला चावला की माकड आजारी पडते. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड, दोघेही या रोगाने मरतात.

माकड मेले की काय होते? त्याचे अंग थंड पडते. गोचिडाला गरम रक्त हवे. मग अंगावरचे सगळे गोचीड उतरतात आणि तिथल्याच पाल्यात पसरतात. एकाच जागी, एका झाडाखाली, विषाणू घेतलेले शेकडो गोचीड! ती जागा म्हणजे पेटत्या निखाऱ्यावर राख पसरलेली. वरून काही दिसत नाही. तिथे कोणी लाकूडफाटा आणायला गेले, काजूची बोंडे वेचायला बसले, पातेरा गोळा करायला वाकले, की गोचीड अंगावर चढलाच. चावल्याचे कळतही नाही.

चावल्यावर तीन ते आठ दिवसांनी ताप येतो. एकदम भडकतो. डोके फुटायला लागते. अंग मोडून जाते. कोणाच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. काहींना मधे बरे वाटते आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ताप उलटतो. मग अंगाला कंप सुटतो, भान हरपते. या रोगावर नेमके औषध नाही. पण माणूस वेळेवर इस्पितळात गेला, तर अंगातले पाणी आणि रक्त सांभाळून डॉक्टर त्याला वाचवतात. तरीही शंभर रोग्यांत तीन ते पाच माणसे दगावतात. हातातोंडाची गाठ ज्यांची रानावर पडते, तीच ही माणसे असतात.

आता हिशेब करा. समजा, सोमवारी माकड मेले. मंगळवारी, बुधवारी बायका तिथे काजू वेचायला गेल्या. पुढच्या सोमवारी एकीला ताप आला. चार दिवस तिने अंगावर काढला. मग दवाखाना, मग रक्त तपासणी. खात्री होईपर्यंत पंधरवडा उलटला. तेवढ्या दिवसांत त्याच झाडाखाली आणखी किती जणी बसून गेल्या असतील?

पण सोमवारीच कोणी माकडाची खबर दिली असती तर? आरोग्य खात्याची माणसे आली असती. माकड पडले त्या जागेभोवती पन्नास फुटांपर्यंत मॅलाथिऑनची पावडर मारायची असते. त्याने गोचीड मरतात. त्या वाटेने जाऊ नका, असे वाडीत सांगता आले असते. अंगाला लावायचे डी.एम.पी. तेल वाटता आले असते. म्हणजे रोग्याची खबर येते त्याच्या पुष्कळ आधी माकडाची खबर आपल्या हातात असते. आम्ही म्हणतो ती हीच. तिचे आपण काय करतो?

खरे सांगायचे तर बहुतेक वेळा ती वाटेतच जिरते. कशी, ते पाहू.

मेलेले माकड आधी कोणाला दिसते? गुराख्याला. काजूच्या राखणदाराला. कधी बीटगार्डला. बीटगार्ड वन खात्याचा. तो आपल्या साहेबाला कळवील. वन खात्याच्या दप्तरात माकड म्हणजे वन्यप्राणी. मेला कशाने, कोणी मारला का, हा त्यांचा प्रश्न. मेलेल्या जनावराची तपासणी करणार जनावरांचा डॉक्टर. तो पशुसंवर्धन खात्याचा. आणि ताप आलेल्या माणसाला तपासणार आरोग्य खाते. एका माकडापाठी तीन खाती! प्रत्येकाचे दप्तर वेगळे, साहेब वेगळा, महिन्याची बैठक वेगळी. वाईट कोणीच नाही. प्रत्येकजण आपली खबर आपल्या वरच्याला देतो. पण शेजारच्या टेबलावर बसलेल्याला देत नाही. कागद वर चढतो, आडवा जात नाही. ज्याला कागदाची गरज आहे तो मात्र आडव्या बाजूलाच बसलेला असतो.

आणखी एक बारीकशी गोष्ट. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण तिच्यामुळे फार घोटाळे होतात. एकाच जागेला तीन नावे असतात. वन खाते म्हणणार, अमुक नंबरचे कंपार्टमेंट. तलाठी म्हणणार, अमुक सर्व्हे नंबर. आरोग्यसेवक म्हणणार, अमुक उपकेंद्र. आणि तुम्ही म्हणणार, 'देवाच्या राईच्या खाली, व्हाळाकडे.' तीन कागद एकाच टेबलावर आले, तरी ते एकाच झाडाबद्दल बोलताहेत हे वाचणाऱ्याला कसे कळावे? म्हणून आमचे सांगणे असे, की खबर देताना तुमचे नाव सोडू नका. वाडीचे नाव, राईचे नाव, व्हाळाचे नाव सांगा. ते कोणत्या नंबरात बसते ते साहेबलोक शोधतील. आणि एकजण सोबत जाऊन जागा दाखवील, तर त्याहून उत्तम.

देशात २००४ सालापासून एकात्मिक रोग सर्वेक्षणाचे काम सुरू आहे. गावात तापाचे, जुलाबाचे किती रोगी झाले, हे आरोग्य केंद्रातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला आणि दिल्लीला कळवले जाते. हल्ली ते संगणकावर भरतात. काम चांगले आहे. पण हे आकडे माणसांच्या आजाराचे. तुमच्या रानात पडलेले माकड त्यात आपल्या पायांनी चालत येणार नाही. ते कोणीतरी आणून घालायला हवे.

आता उलट बाजू पाहू. खाती एकमेकांना सांगत नाहीत, हे झाले. पण आपण तरी खात्यांना सांगतो का?

नाही सांगत. आणि त्याला कारणे आहेत. ती कारणे खोटी नाहीत.

पहिले कारण, भीती. माकडे बागायतीची किती नासधूस करतात, ते आम्ही तुम्हांला सांगायला नको. नारळ, केळी, भाजी, काही ठेवत नाहीत. म्हणून माणूस चिडलेला असतो. अशात त्याच्या बागेत माकड मेलेले सापडले. १९७२ सालचा वन्यप्राण्यांचा कायदा त्याने ऐकलेला असतो. 'तूच विष घातलंस,' असे कोणी म्हणाले तर? त्यापेक्षा गपचूप पुरलेले बरे! असा तो विचार करतो.

दुसरे कारण, श्रद्धा. वानर म्हणजे मारुती. त्याला उघड्यावर कसे टाकायचे? मग चार माणसे जमतात, हळदकुंकू वाहतात, उचलून नेतात, मूठमाती देतात. भावना चांगली आहे, पण नेमका हाच हात गोचिडाला हवा असतो. मंडळी, लांबून नमस्कार करा. हात लावू नका. तपासणीचे नमुने घेऊन झाले की शिकलेली माणसे पुरती काळजी घेऊन त्याला अग्नी देतात. मारुतीरायाची त्यात विटंबना नाही.

तिसरे कारण पोटाचे. 'आमच्या गावात माकडताप आहे' असे बाहेर पडले, तर काजू वेचायला मजूर येणार नाहीत. आमच्या बायकांना दुसऱ्या गावात कोणी कामावर घेणार नाही. आम्ही ऐकले आहे, की एका गावात ज्या घरी रोगी झाला, त्या घरचे पाणीसुद्धा लोक प्यायले नाहीत. हा शुद्ध अडाणीपणा आहे. हा ताप माणसापासून माणसाला होत नाही. रोग्याजवळ बसा, त्याला जेवण द्या, त्याचे कपडे धुवा, काही होत नाही. पण घरचा रोगी जाहीर झाला की असे वागवतात, हे एकदा दिसले की पुढचे घर तोंड उघडत नाही.

म्हणून खात्यांनाही आमचे एक म्हणणे असते. आम्ही ते त्यांच्यापुढेही मांडतो. खबर देणाऱ्याला आधी चौकशीच्या फेऱ्यात घेऊ नका. माकड विषाने मेले की रोगाने, ते तपासणीत कळेलच. आणि एकमेकांना खबर देताना काय द्यायचे आणि काय झाकायचे, तेही ठरवा. वन खात्याला रोग्याचे नाव कशाला हवे? त्यांना हवी ती जागा. कोणत्या रानात हा माणूस वाकला होता, एवढेच. नाव डॉक्टरांपाशी राहू द्या. पत्ता मात्र रानाचा द्या, आणि ताबडतोब द्या.

जबरदस्तीने खबर मिळत नाही, हे या मुलुखाने फार पूर्वी पाहिले आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रोगी हुडकायला सरकारने गोरे सोजीर घराघरांत घातले. ते देवघरात शिरले, बायकांच्या अंगाला हात लागले, सामानसुमान बाहेर फेकले गेले. लोकांनी काय केले? रोगी दडवले. त्याच वर्षी रँडसाहेबाचा खून झाला, ते तुम्ही ऐकले आहे. साथ तर वर्षानुवर्षे टिकली.

त्याच्या उलट देवीच्या रोगाचे पाहा. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवी काढल्याची खूण असेल. गावात 'देवीचा डॉक्टर' येत असे. १९७४ साली आपल्या देशात देवीचे १ लाख ८८ हजार रोगी झाले. आणि पुढच्याच वर्षी, १९७५ च्या मे महिन्यात, शेवटचा रोगी सापडला. मग देवी देशातून गेली ती गेलीच. एका वर्षात हे कसे झाले? लस तर पूर्वीही होती. सरसकट सगळ्यांना टोचत बसायचे, आणि रोग भलतीकडेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! १९७३ पासून रीत बदलली. आधी रोगी शोधायचा, मग त्याच्याभोवतालच्या सगळ्यांना टोचायचे. शोधायला नुसते देवीचे डॉक्टर नव्हते. कुटुंबनियोजनवाले, हिवतापवाले सगळे महिन्यातून काही दिवस त्याच कामाला. देवी आलेल्या मुलाचे चित्र घेऊन ते बाजारात उभे राहत. शाळेत मुलांना विचारत, 'असं कोणी पाहिलंय का?' मुले खरे सांगतात. रोगी कळवणाऱ्याला बक्षीस होते. ते वाढवत वाढवत हजार रुपयांपर्यंत नेले. गावोगावच्या भिंतींवर ते रंगवलेले असे.

शोध सुरू केला तेव्हा उत्तर प्रदेश आणि बिहार मिळून एका आठवड्यात दहा हजारांच्या आसपास रोगी निघाले. तोवर कागदावर फार थोडे दिसत होते. कारण रोगी जास्त दाखवले की वरून बोलणी बसत. मग खालचा माणूस कशाला दाखवतो! बोलणी बंद झाली, तेव्हा खरा आकडा वर आला.

आणि दुसरी युक्ती तारेची होती. एका जिल्ह्यात रोगी सापडला की त्याला विचारायचे, बाबा, तू आलास कुठून? तो सांगे, टाटानगरहून. लगेच तिकडे तार जायची. १९७४ साली टाटानगरहून आगगाडीने माणसे गावोगाव रोग घेऊन गेली, ते अशाच चौकशीतून उघड झाले. मग टाटांचा कारखाना आणि सरकार हातात हात घालून कामाला लागले. रोगी एका राज्यात, रोगाचे घर दुसऱ्या राज्यात. तार केली नसती, तर दोघेही आपापल्या जागी डोके खाजवत बसले असते.

माकडतापात हेच घडते. बेळगावकडची माणसे काजूच्या हंगामात गोव्यात आणि आपल्याकडे मजुरीला येतात. गोचीड चावतो सत्तरीच्या बागेत. ताप चढतो तो आठ दिवसांनी, घरी गेल्यावर. तिथला डॉक्टर म्हणतो, इथे तर माकडताप नाही, हा डेंगू असेल. त्याची चूक नाही. त्याने विचारले पाहिजे, की कामाला कुठे गेला होता? आणि रोग्याने न विचारता सांगितले पाहिजे. मग तिथून गोव्याला निरोप जाईल, की अमुक बागेत पाहा. तीन राज्यांचे डॉक्टर एकमेकांच्या फोनवर असले, तर ही गोष्ट एका दिवसाची आहे. नसले, तर पुढच्या टोळीतल्या दहा बायका त्याच बागेत वाकतात.

तुमच्याकडून आम्हांला काय हवे, ते आता सांगतो. वाडीत एक वही ठेवा. साधी, शंभर पानी. आता तुम्हांला लिहिता येते, म्हणून हे सांगतो आहोत. माकड मेलेले दिसले की त्यात लिहायचे. तारीख. जागा. वानर की लाल तोंडाचे माकड. एक की अनेक. ताजे की कुजलेले. कोणी पाहिले. आणि कोणाकोणाला कळवले.

एक नमुना देतो:

'५ फेब्रुवारी, सकाळी. वरची वाडी, राईखालचा व्हाळ. वानर एक, ताजे. गुरे चारताना पाहिले. हात लावला नाही. आशाताईंना तोंडी, बीटगार्डला फोन, सरपंचांना चिठ्ठी.'

तिघांना कळवा. एकाला सांगून, तो दुसऱ्याला सांगेल असे समजू नका. तिघांनाही सांगा, आणि प्रत्येकाला बाकीच्या दोघांची नावे सांगा. 'मी बीटगार्डलाही कळवलंय,' असे आशाताईंनी ऐकले की त्या त्याला विचारतात. 'आशाताईंना ठाऊक आहे,' हे बीटगार्डने ऐकले की तोही कागद दाबून ठेवत नाही. तेवढ्यासाठी सरकारी हुकूम लागत नाही.

आणि कोणाला ताप आला, तर दवाखान्यात नुसते 'ताप आलाय' म्हणू नका. 'आठ दिवसांमागे अमुक रानात गेले होते,' हेही सांगा. डॉक्टर घाईत असले तरी सांगा.

मागे एका वर्गात एका आजींनी विचारले, 'खबर दिली, आणि ते माकड नुसतं म्हातारं होऊन मेलेलं निघालं, तर आम्हांला हसतील ना?' हसू देत. पावडर मारायला आणि नमुने पाठवायला जो वेळ जाईल तो खात्यांचा. त्यांचे ते कामच आहे. आणि पुण्याच्या तपासणीत 'रोग नाही' असे आले, तर तीही खबरच की! तीसुद्धा वहीत लिहा, आणि वाडीत सांगा. म्हणजे बायका निर्धास्तपणे त्या झाडाखाली जातील.

आता काजूला मोहोर येऊ लागेल. वह्या आम्ही सोबत आणल्या आहेत. वाडीला एक. पहिले पान आखून दिले आहे, बाकीची तुम्ही आखा. वही कोणाच्या घरी ठेवायची ते आत्ता इथेच ठरवा. कुलुपात मात्र ठेवू नका.